लहानग्यांसह परदेशी : एकच शहर, आठ दिवस

अक्षय तृतीयेची पारणी आटोपतात, शाळांचे निकाल लागतात आणि बाजारपेठेतल्या पेढ्यांवर हिशेबाच्या वह्यांशेजारी सहलींच्या रंगीत पुस्तिका दिसू लागतात. तूर आणि हरभऱ्याची आवक ओसरलेली असते, खरिपाच्या बियाण्यांची धावपळ अजून तीन-चार आठवडे दूर असते. व्यापारी कुटुंबाला वर्षात मिळणारी खरी उसंत हीच. पूर्वी या उसंतीत पालिताणा, शिखरजी, राणकपूर असे यात्रेचे बेत होत. ते आजही होतात. मात्र गेल्या काही दशकांत त्यांच्या शेजारी दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड ही नावेही सहजपणे येऊन बसली आहेत. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा समुद्र ओलांडण्यावरूनच समाजात वाद झाला होता. आज वाद असतो तो कोणत्या देशात जावे आणि किती देश पाहावेत याचा.

यांतील दुसरा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, परंतु घरात दहा वर्षांखालील मुले असतील तर सहलीचे सारे यशापयश त्यावरच अवलंबून असते.

बार्शीच्या एका आडत व्यापारी कुटुंबात ही चर्चा सुमारे पंधरा दिवस चालली. घरात सहा माणसे : सहासष्ट वर्षांचे दादाजी, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान दादी, मुलगा, सून, सात वर्षांचा नातू आणि अडीच वर्षांची नात. मुलाने पुण्याहून आणलेल्या पुस्तिकेत बारा दिवसांत युरोपचे सात देश होते. छायाचित्रे सुंदर होती, भोजन जैन मिळेल असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि किंमतही आवाक्यातली होती. दादाजींनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक दिवसासमोर दोन आकडे लिहिले. एक बसमध्ये बसण्याच्या तासांचा, दुसरा बसमधून उतरून काही पाहण्याच्या तासांचा. पहिल्या रकान्याची बेरीज दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. पुस्तिका मुलापुढे सरकवीत ते एवढेच म्हणाले, “यात माल कमी आणि बारदानच जास्त आहे.”

सुनेची हरकत वेगळी होती. बारा दिवसांत आठ वेळा सामान बांधायचे आणि सोडायचे, रोज सकाळी साडेसातला सर्वांना तयार ठेवायचे, आणि एका लहान मुलीच्या नैसर्गिक विधींसाठी चाळीस अनोळखी प्रवाशांची बस थांबवायची, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होते. मुलाचे म्हणणे असे की एवढा खर्च करायचा तर पाहून तरी भरपूर व्हावे. हे म्हणणे चुकीचे नाही, पण ते मोठ्या माणसाच्या हिशेबाने केलेले आहे. सात वर्षांच्या मुलाला देशांची सीमा दिसत नाही. त्याला उद्वाहन दिसते, सरकता जिना दिसतो, कारंजे दिसते आणि हॉटेलच्या खोलीतला पलंग दिसतो. जे एकदा आवडले ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला मिळावे, हीच त्याची परदेशाची कल्पना.

दादींना मात्र एका गोष्टीचे कुतूहल होते. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा चौविहार चुकलेला नाही. मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, हे कळल्यावर त्या हसून म्हणाल्या, “मग माझी तर सोयच झाली.” सोय त्यांची होती; मुलांची नव्हती. खिडकीबाहेर रात्री साडेनऊला लख्ख उजेड असताना अडीच वर्षांच्या मुलीला झोप म्हणून कसे सांगावे, आणि पहाटे सहाच्या आत पुन्हा उजाडल्यावर तिला झोपवून कसे ठेवावे? दिवाळीच्या सुटीत निघणाऱ्यांना याच्या उलट अनुभव येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनचा सूर्य दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो आणि ऐन डिसेंबरात तर चारच्याही आधी. दुपारचे जेवण आणि चौविहार यांत जेमतेम तीन तासांचे अंतर राहते. सहलीचे वेळापत्रक पाहताना तापमान सर्वजण पाहतात; सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मात्र फारच थोडे पाहतात. आपल्या घरांत तरी त्या आधी पाहाव्यात.

शेवटी कुटुंबाने सिंगापूर निवडले आणि आठही दिवस तेथेच राहायचे ठरवले. बँकॉक, बाली, क्रूझ असे जोड देण्याचे आमिष प्रवास-एजंटाने दाखवले, ते नाकारले.

या निवडीमागे भूगोल होता. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या सव्वा अंशाच्या आसपास आहे. त्यामुळे तेथे दिवस-रात्रीची लांबी वर्षभर जवळजवळ सारखी राहते. सूर्य सकाळी सातच्या मागेपुढे उगवतो आणि संध्याकाळी सातच्या मागेपुढे मावळतो. वर्षभरातला फरक सुमारे अर्ध्या तासाचाच असतो. खरे पाहता रेखांशाप्रमाणे तेथील घड्याळ बरेच मागे असायला हवे. परंतु १९८२ च्या आरंभी सिंगापूरने मलेशियाबरोबर आपली वेळ अर्धा तास पुढे नेली आणि ग्रीनिच वेळेच्या आठ तास पुढचे घड्याळ स्वीकारले. या सरकारी निर्णयाचा लाभ बार्शीच्या दादींना असा झाला की नवकारसी पावणेआठच्या सुमारास आणि चौविहार सातच्या आत, म्हणजे चौविहार तरी मे महिन्यात घरी असतो जवळपास घड्याळाच्या त्याच आकड्यावर राहिला. भारताच्या वेळेपेक्षा सिंगापूर अडीच तास पुढे आहे. एवढा फरक मुलांच्या शरीराला दोन-तीन दिवसांत पचतो. पहिल्या दिवशी नात सकाळी नऊपर्यंत झोपली आणि घरच्यांनी तिला झोपू दिले.

मे महिन्यात जाण्याचे आणखी एक कारण होते. सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुटी जूनमध्ये असते. त्या काळात मुलांच्या सर्व ठिकाणी स्थानिक कुटुंबांचीच गर्दी होते. आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघणे महाराष्ट्रातल्या कुटुंबांना सहज शक्य असते.

राहण्याच्या जागेबाबत सुनेने आग्रह धरला तो छोटे स्वयंपाकघर असलेल्या खोल्यांचा. येथे एक सावधगिरी हवी. सिंगापुरात खाजगी निवासी फ्लॅट तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणे बेकायदेशीर आहे. संगणकावर स्वस्तात दिसणारा एखादा घरगुती फ्लॅट घेतला तर अडचणीत येण्याची शक्यता असते. परवानाधारक सर्व्हिस अपार्टमेंट किंवा स्वयंपाकाची सोय असलेले हॉटेलच घ्यावे. भाडे थोडे अधिक पडते. परंतु सहा माणसांचा सकाळचा नाश्ता, दुपारची खिचडी, दादींसाठी उकाळलेले पाणी आणि नातीचे दूध यांचा हिशेब केला तर ते अधिक राहत नाही. तेथील नळाचे पाणी पिण्यास योग्य असते, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. उकळून गाळले की झाले.

बार्शीहून नेलेल्या सामानात खाकरे, पहिल्या दोन दिवसांचे थेपले, भाजलेला रवा, मूगडाळ आणि मसाल्यांचे डबे होते. निघण्याच्या आदल्या दिवशी दादींनी गोडा मसाल्याचा डबा बाहेर काढून ठेवला. त्यात खसखस असते, आणि खसखस सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध वस्तूंत मोडते. आखातातल्या काही देशांतही हाच नियम आहे. आपल्या स्वयंपाकघरात निरुपद्रवी असलेली वस्तू दुसऱ्या देशाच्या सीमेवर गुन्हा ठरू शकते, हे निघण्यापूर्वी तपासलेले बरे. च्युइंगमही नेऊ नये. बाकीचे धान्य-भाजी ‘लिटल इंडिया’ भागात मिळते. सेरंगून रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत किराण्याची भारतीय दुकाने दाटीने आहेत. दुधी, भेंडी, कढीपत्ता सारे काही मिळते. त्याच भागात १९४७ पासूनचे कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे. मात्र दक्षिण भारतीय सांबारात कांदा असतोच, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शेजारचा टेक्का बाजार प्रसिद्ध आहे, तथापि तेथे मांस आणि मासळीचा मोठा विभाग आहे. दादी दारातूनच परतल्या.

एक गोष्ट या कुटुंबाला अनपेक्षित होती. चिनी बौद्ध परंपरेतल्या शाकाहारी उपाहारगृहांत कांदा आणि लसूण वापरत नाहीत. कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्या त्या परंपरेत वर्ज्य आहेत. परदेशात ‘कांदा-लसूण नाही’ हे समजावून सांगताना दमछाक होते, ती तेथे होत नाही. पण बटाटा, गाजर, मुळा आणि अळिंबी तेथे मुक्तपणे वापरतात, शिवाय काही ठिकाणी अंडेही असते. म्हणून विचारून घेणे आवश्यक. शिवाय सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून मांसासारखे दिसणारे पदार्थ हीच या उपाहारगृहांची खासियत. नातवाने एका थाळीकडे बोट दाखवून विचारले, “हे खोटे आहे, मग खऱ्यासारखे का केले?” दादींना प्रश्न आवडला. उत्तर कोणालाच देता आले नाही.

खाण्याच्या बाबतीत खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागते. जगातल्या कोणत्याही पर्यटनस्थळी लहान मुलांसाठीच्या खाद्यपदार्थांत तळलेले बटाटे पहिल्या क्रमांकावर असतात. या घरात जमिनीखालचे काही शिजत नाही. मुलगा मात्र व्यापारानिमित्त बाहेरगावी गेला की क्वचित खातो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. चांगी विमानतळावर उतरल्यावर नातवाने त्याला अगदी सहज विचारले, “बाबा, इथे चालते का?” मुलाने क्षणभर विचार केला आणि सांगितले, “तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी, दोघांसाठीही इथे नाही.” आठ दिवस त्याने ते पाळले. परदेशातल्या सुटीत घरचे नियम शिथिल करावेत की नाही, हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे. परंतु मुलांसमोर ते बदलायचेच असतील तर कारण सांगून बदलावेत. गुपचूप बदललेला नियम मुले सर्वांत आधी टिपतात.

विमानातल्या जेवणाचेही येथेच सांगून टाकावे. विमान कंपन्यांच्या यादीत जैन भोजनाचा संकेत ‘व्हीजेएमएल’ असा असतो. तो तिकीट काढतानाच, किंवा निदान निघण्यापूर्वी चोवीस तास आधी, प्रत्येक प्रवाशाच्या नावावर स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. एकाच्या नावावर नोंदवले म्हणजे सहाही जणांना मिळते, अशी समजूत करून घेऊ नये. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसू शकते, परंतु अडीच वर्षांच्या नातीला स्वतंत्र आसन, म्हणून स्वतंत्र भोजन. विमान चढताना आणि उतरताना मुलांच्या कानात दडे बसतात. त्या वेळी काही गिळते ठेवावे, म्हणून सुनेने पाण्याची चोखायची बाटली हाताशी ठेवली होती.

रोजच्या कार्यक्रमाचा नियम दादाजींनी घालून दिला. दिवसाला एकच ठिकाण, सकाळी. दुपारी एक ते चार खोलीत विश्रांती. संध्याकाळी पायी जाता येईल असे काहीतरी. सिंगापूरची हवा बारमाही दमट असते आणि दुपारनंतर विजांसह पाऊस ठरलेलाच. दुपारची झोप हा आळस नव्हे, तेथील हवामानाला दिलेला मान होय.

या नियमाने काय गमावले? रात्रीची सफारी गमावली. १९९४ मध्ये सुरू झालेले हे जगातले पहिले निशाचर प्राणिसंग्रहालय संध्याकाळी सातनंतर उघडते. ती वेळ दादींच्या चौविहाराची आणि नातीच्या झोपेची. मुलगा थोडा हळहळला. मिळवले मात्र बरेच. १८५९ मध्ये स्थापन झालेली सिंगापूरची वनस्पती बाग २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिला प्रवेशमूल्य नाही. तिच्यातच मुलांसाठी एक स्वतंत्र बाग आहे, तिचा नियम मोठा गमतीदार : सोबत मूल नसेल तर मोठ्यांना प्रवेश नाही. नातवाला हे कळल्यावर तो आजी-आजोबांना हाताला धरून आत घेऊन गेला, जणू तिकीट तोच होता. खाडीकाठची ‘गार्डन्स बाय द बे’ ही बाग २०१२ मध्ये उघडली. तेथील पन्नास मीटरपर्यंत उंचीचे पोलादी वृक्ष आणि बाहेरचा सारा परिसर विनामूल्य पाहता येतो. काचेच्या दोन महागृहांना मात्र तिकीट आहे. मुलांसाठी पाण्याचे फवारे आहेत, तेही फुकट. नातवाने तीन संध्याकाळी तेथे जाण्याचा हट्ट धरला आणि तीनही वेळा तो पुरवला गेला. सात देशांच्या सहलीत ‘पुन्हा’ या शब्दाला जागाच नसते.

प्राणिसंग्रहालयाविषयी मात्र घरात मतभेद झाला. १९७३ मध्ये उघडलेले मंडाईचे प्राणिसंग्रहालय पिंजऱ्यांऐवजी खंदक, पाणी आणि झाडी यांनी प्राण्यांना वेगळे ठेवण्याच्या पद्धतीसाठी ओळखले जाते; ओरांगउटान तेथे डोक्यावरच्या फांद्यांवरून हिंडतात. जैन घराने मुलांना बंदिस्त प्राणी करमणूक म्हणून दाखवावेत का, हा दादींचा प्रश्न होता. सुनेचे म्हणणे होते की मुलांनी प्राणी पाहिलेच नाहीत तर त्यांच्याविषयी माया कुठून उत्पन्न होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कुटुंब गेले, परंतु प्राण्यांचे खेळ दाखवतात तेथे थांबले नाही. नातू एका पांढऱ्या वाघासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, “याला इथे कंटाळा येत असेल.” दादींनी त्याचा हात घट्ट धरला. त्यानंतर घरात त्या विषयावर वाद झाला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नातीला ताप भरला. एकशे दोनच्या वर पारा गेला. बार्शीच्या बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिलेले औषध सुनेजवळ होते. ते दिले, रात्रभर दादी आणि सून आळीपाळीने जाग्या राहिल्या. सकाळी जवळच्या दवाखान्यात नेले. साधा विषाणूजन्य ताप, दोन दिवस विश्रांती, असे डॉक्टरांनी सांगितले. परदेशी माणसाला तेथे कोणतीही सरकारी सवलत नाही, त्यामुळे तपासणी आणि औषधांचे देयक बार्शीच्या मानाने डोळे विस्फारणारे होते. प्रवासविमा होता. दादाजींनी पहिल्या क्षणापासून तीन कागद जपले : डॉक्टरांचे लेखी निदान, औषधांची चिठ्ठी आणि पैसे भरल्याची पावती. या तिन्हींपैकी एक जरी नसला तरी दावा अडतो. बहुतेक पॉलिसींत किरकोळ उपचारांवर ठरावीक रक्कम स्वतःच सोसावी लागते, हे त्यांना आधीपासून माहीत होते. आणि दादींचा रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहिण्याचा त्यांचा आग्रहही त्याच माहितीतून आला होता. जुना आजार लपवून घेतलेला विमा नेमका गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही.

ते दोन दिवस कुटुंब खोलीतच राहिले. एका ठिकाणची तिकिटे वाया गेली, एवढेच नुकसान. हाच ताप ब्रुसेल्स ते ॲमस्टरडॅमच्या वाटेवर आला असता तर काय झाले असते, हे मुलगा त्या रात्री स्वतःहून बोलला. चाळीस जणांची बस एका मुलीसाठी थांबत नाही, आणि थांबावी अशी अपेक्षाही करता येत नाही. आजारी मुलीला घेऊन आईने मागे राहायचे, की तिला तशीच बसमध्ये घालायचे? या प्रश्नाला त्या पुस्तिकेत उत्तर नव्हते. लहान मुलांच्या सहलीत एक-दोन दिवस आजारपणासाठी, रुसव्यासाठी, नुसत्या पावसासाठी राखून ठेवावे लागतात. व्यापारी माणूस मालात घट धरतो. येथेही ती धरावी.

नात झोपलेली असताना दादाजी नातवाला ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेले. तेथून क्षितिजापर्यंत नांगरलेली मालवाहू जहाजे दिसतात. कंटेनर वाहतुकीत सिंगापूर जगात दुसऱ्या क्रमांकाचे बंदर आहे. १८१९ मध्ये इंग्रजांनी तेथे वखार उभारली ती जकातमुक्त बंदर म्हणून, आणि १८६७ पर्यंत त्या वसाहतीचा कारभार हिंदुस्थानातूनच चालत असे. दादाजींनी हे सारे सांगितले नाही. त्यांनी नातवाला जहाजे मोजायला लावली आणि प्रत्येक जहाजात काय माल असेल याचा अंदाज करायला लावला. आपल्या पेढीवरची तूर कधी काळी अशाच जहाजातून ब्रह्मदेशाहून मुंबईला येते, हे ऐकून मुलगा थक्क झाला. सत्तेचाळीसपर्यंत मोजून झाल्यावर पाऊस आला.

आता पैशांचा भाग. तो थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे, पण वगळता येण्याजोगा नाही.

परदेशी सहलीचे पॅकेज घेताना उगमस्थानी कर गोळा केला जातो. ही तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून आली आणि तेव्हापासून तिचे दर आणि मर्यादा एकाहून अधिक वेळा बदलल्या आहेत. म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारूनच भरावेत. हा कर म्हणजे खर्च नव्हे. ज्याच्या पॅन क्रमांकावर तो भरला, त्याच्या विवरणपत्रात तो जमा मिळतो. तेव्हा पैसे कोणाच्या खात्यातून जावेत हे आधी ठरवावे. ज्याला कर भरायचाच आहे त्याच्या नावाने भरणे शहाणपणाचे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या परदेश प्रवासावर वर्षभरात दोन लाखांहून अधिक खर्च केला तर उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरावे लागते, हेही अनेक गृहिणींच्या बाबतीत विसरले जाते. आणखी एक स्पष्ट सांगितले पाहिजे. कौटुंबिक सहल पेढीच्या प्रवासखर्चात दाखवण्याची सवय काही घरांत आहे. ती योग्य नाही. ही रक्कम मालकाच्या उचल खात्यावरच पडली पाहिजे.

चलनाच्या बाबतीत रोख थोडी, बाकी फॉरेक्स कार्डावर, हा क्रम बरा. एका प्रवासात साधारणतः तीन हजार अमेरिकी डॉलरांपर्यंत किंवा तेवढ्या मूल्याच्या परकीय नोटा नेता येतात. भारतीय नोटा पंचवीस हजार रुपयांपर्यंत. नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनातल्या व्यवहाराला बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के आकार लावतात. दोन लाखांच्या खरेदीवर तीन टक्के म्हणजे सहा हजार रुपये. तेवढ्यात बागेची तिकिटे निघतात. दुकानातले यंत्र कधीकधी विनम्रपणे विचारते : रुपयांत द्यायचे की तेथील डॉलरांत? रुपये पाहून आपल्या माणसाला बरे वाटते आणि तो रुपये निवडतो. तेथेच फसगत होते, कारण तो दर दुकानदाराच्या बाजूची बँक ठरवते आणि तो बहुधा महाग असतो. नेहमी स्थानिक चलनच निवडावे.

मुलांच्या कागदपत्रांत एक मुद्दा हमखास राहतो. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि प्रवासाच्या वेळी त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. वडिलांचा दहा वर्षांचा पासपोर्ट पाहून मुलाचाही असेल असे गृहीत धरणारी कुटुंबे विमानतळावरून परतलेली आहेत. सिंगापूरसाठी व्हिसाव्यतिरिक्त आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचे असते. ते विनामूल्य आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

शहरातल्या शहरात फिरताना मेट्रो सर्वांत सोयीची. प्रत्येक स्थानकावर उद्वाहन आहे, बाबागाडी उघडी ठेवूनच नेता येते आणि ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. परंतु गाडीत काहीही खाण्यापिण्यास मनाई आहे, दंड पाचशे डॉलरांपर्यंत होऊ शकतो, आणि हा नियम पाण्याच्या घोटालाही लागू आहे. नातीला पाणी हवे असे म्हटले की सून सरळ पुढच्या स्थानकावर उतरत असे. मोबाइलवरून मागवलेल्या खाजगी मोटारीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी योग्य बालआसन असावे लागते. टॅक्सीला त्यातून सूट आहे. म्हणून मुलांसह टॅक्सीच बरी.

शेवटच्या दिवशी सकाळी दादींच्या इच्छेप्रमाणे सर्वजण जालान यासीन येथील जैन समाजाच्या वास्तूत जाऊन आले. सिंगापुरातला जैन समाज लहान आहे, तथापि तेथील आंतरधर्मीय संघटनेने मान्य केलेल्या दहा धर्मांत जैन धर्माचा समावेश आहे. आपले पंथभेद परदेशी एका छताखाली कसे नांदतात, हे पाहून दादी बराच वेळ गप्प होत्या.

परतीचे विमान दुपारी साडेचारचे होते. सिंगापूरच्या घड्याळाप्रमाणे सूर्यास्त सातनंतर पाचेक मिनिटांनी होणार होता, पण विमान पश्चिमेकडे निघाले होते. पृथ्वी विषुववृत्तापाशी ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते आणि विमान त्याच्या निम्म्याहून किंचित अधिक वेगाने सूर्याचा पाठलाग करते, त्यामुळे तो मावळण्याचे नावच घेत नाही. चौविहार कोणत्या घड्याळाने धरायचा, असा प्रश्न मुलाने विचारला. दादींनी घड्याळ बाजूला ठेवले आणि नातवाला खिडकीशी बसवले. जेवण आले, आटोपले. दर थोड्या वेळाने त्या विचारीत आणि तो उत्तर देई, “पंखावर अजून ऊन आहे.” मुंबई अर्ध्या तासावर आली तेव्हा पंखाची कड तांबूस झाली. दादींनी शेवटचे पाणी घेतले. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात, जे सिंगापूरच्या वेळेवरून बदलायचे राहिले होते, रात्रीचे साडेनऊ वाजले होते.